वर्गात वाचून दाखवली

त्या वर्षी पहिली सहामाही संपायच्या आत आमच्या शाळेचं वेळापत्रक अकरा वेळा बदललं. मी मोजत होतो. शिक्षकांच्या खोलीतल्या माझ्या कपाटाच्या दाराला आतून ते अकराही कागद एकाखाली एक चिकटवले होते आणि कुणी नुसतं "काय सर, कसं काय?" विचारलं तरी दार उघडून दाखवायचो.

मी इतिहास शिकवतो. तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. शाळा सुरू व्हायच्या आधी आठ दिवस घरी बसून मी वर्षभराचे तास वहीत आखून ठेवतो. कोणत्या आठवड्यात कोणता धडा, चाचणी कधी, उजळणी कधी. मुलं पाठीमागे मला ‘कॅलेंडर’ म्हणतात हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. त्या वर्षी ती वही पंधरा दिवसांत रद्दीच्या लायकीची झाली.

कारणं नव्हती असं नाही. दोन शिक्षक वर्षाच्या मध्येच नोकरी सोडून गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मागच्या बाजूच्या तीन खोल्यांचं छत दुरुस्तीला काढलं, ते वर्ग कधी प्रयोगशाळेत, कधी वाचनालयात, कधी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत बसायचे. एकदा मी आणि भूगोलाचे सर, दोघंही काखेत नकाशे घेऊन एकाच वर्गाच्या दारात एकाच वेळी पोचलो. "आधी आपण," ते म्हणाले. "छे छे, आधी आपण," मी म्हणालो. मुलं हसून लोळली.

वेळापत्रक करायचं काम पर्यवेक्षिका मॅडमकडे होतं. जिन्याशेजारच्या चिंचोळ्या खोलीत त्या एक मोठा पुठ्ठा पुढ्यात घेऊन बसलेल्या असायच्या. हातात पेन्सिल, टेबलावर खोडरबराचा चुरा. प्रत्येक बदलाला मी तिथे जाऊन भांडायचो.

"मॅडम, हे वेळापत्रक आहे की हवामान? रोज सकाळी उठून बघायचं का, आज काय आहे ते?"

"सर, दोन माणसं कमी आहेत," त्या मान वर न करता म्हणायच्या. "तुम्हीच सांगा, नववी ‘ब’चा इतिहास कुठे बसवू?"

"ते तुमचं काम. मला शिकवू द्या म्हणजे झालं."

एवढं सुनावून मी बाहेर पडायचो आणि शिक्षकांच्या खोलीत येऊन तेच तिखटमीठ लावून सांगायचो.

आमच्याकडे सूचना वहीची पद्धत होती. लाल कापडी पाठीची लांबट वही. मॅडम तीत सूचना लिहायच्या आणि शाळेचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळेच मामा म्हणायचो, ती घेऊन वर्गावर्गात फिरायचे. मामा दारात उभे राहून खाकरायचे. शिक्षकाने शिकवणं थांबवून वही घ्यायची, सूचना मुलांना मोठ्याने वाचून दाखवायची, आणि शेवटच्या रकान्यात सही करायची. त्या रकान्याच्या वर मॅडमच्या अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘वर्गात वाचून दाखवली’. मग मामा वही घेऊन पुढच्या वर्गावर.

बारावा बदल आला तेव्हा मी नववी ‘ब’वर होतो. सलग तीन दिवस एक धडा रंगात आला होता, मुलं कधी नव्हे ती पुढे झुकून ऐकत होती, आणि मामा खाकरले. वही उघडली. उद्यापासून या वर्गाचा इतिहास शेवटच्या तासाला, खेळाच्या तासानंतर. माझं डोकं सटकलं. मी काही न बोलता सही केली, वही मिटली आणि मामांच्या हातात दिली.

"सर, काय आहे?" पहिल्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"काही नाही. परवा परत बदलेल, तेव्हा एकदमच सांगतो."

वर्गात हशा पिकला. तो हशा मला गोड लागला. मधल्या सुट्टीत मी तो प्रसंग शिक्षकांच्या खोलीत सांगितला तेव्हा भूगोलाच्या सरांनी पाठ थोपटली. "बरं केलंत. आपण काय भोंगे आहोत का?"

त्यानंतर मी तसंच करायचं ठरवलं. मामा आले की वही घ्यायची, पानाकडे नीट बघायचंही नाही, रकान्यात सही ठोकायची आणि वही परत. चार-पाच सूचना अशाच गेल्या. कुणाचं काही अडलं नाही, कारण वेळापत्रक जिन्याखालच्या फळ्यावरही लागायचं आणि मुलं ते आपापलं बघून घ्यायची. अडलं असतं तर तेव्हाच शहाणा झालो असतो.

नववी ‘ब’त एक मुलगी होती. तिचं अक्षर इतकं बारीक की वहीचं पान बघितलं तर मुंग्यांची रांग चाललीय असं वाटावं, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. आईचं इस्त्रीचं दुकान होतं, वडील मालाची गाडी घेऊन आठ-आठ दिवस बाहेर. मुंगी तिसऱ्या बाकावर दाराच्या बाजूला बसायची आणि कुठलीही गोष्ट सांगितली की विचारायची, "असं का पण, सर?" राजा हरला म्हटलं की, असं का. कर वाढवला म्हटलं की, असं का. मला अशी मुलं आवडतात. ती मला फार आवडायची.

त्या वर्षी एका मोठ्या निवासी विद्यालयाने विज्ञानासाठी मुलं निवडायला घेतली. नववीतलीच मुलं चालणार होती. पुढची सगळी वर्षं तिथेच राहून शिकायचं, प्रयोगशाळा, ग्रंथालय, सगळं हाताशी. लेखी परीक्षेत आमच्या शाळेतले तिघं निघाले, अ, ब आणि क या तिन्ही तुकड्यांतून एकेक. ‘ब’मधून मुंगी. तोंडी परीक्षा शनिवारी दुपारी होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मीच तिला म्हटलं होतं, "शुक्रवारी मधल्या सुट्टीत माझ्याकडे ये. परीक्षकांसमोर कसं बोलायचं ते सांगतो. घाबरायचं नाही." ती म्हणाली होती, "घाबरत नाहीये सर, पण येते."

बुधवारी नववी ‘ब’त मी फळ्यावर नकाशा काढत होतो. मामा खाकरले. मी खडू हातातच ठेवून वही टेबलावर घेतली आणि पेन शोधू लागलो.

"सर," मामा हळूच म्हणाले, "आजची जरा महत्त्वाची आहे."

"मामा, सगळ्याच महत्त्वाच्या असतात," मी म्हणालो. मुलं हसली. मी सही केली. मामा क्षणभर दारात थांबले, मग वही काखेत मारून गेले.

मी नववी ‘ब’चा वर्गशिक्षक, त्यामुळे शुक्रवारी पहिला तासही त्या वर्गावर माझाच असायचा. मुंगी जागेवर होती. त्या दिवशी तिने दोन प्रश्नांची उत्तरं दिली, तिसऱ्या वेळी मीच म्हटलं, "तू थांब, दुसऱ्यांना बोलू दे." तास संपला, मी दुसऱ्या वर्गावर गेलो, आणि साडेदहाला मुख्याध्यापकांनी बोलावल्याचा निरोप आला.

खोलीत मुख्याध्यापक, पर्यवेक्षिका मॅडम आणि दाराशी मामा. टेबलाच्या काचेवर फोनचा रिसीव्हर उलटा ठेवलेला, नुकताच कुणाशी तरी बोलून घाईने ठेवावा तसा.

"तुमच्या वर्गातली ती मुलगी आज गैरहजर आहे का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"नाही सर. वर्गात आहे."

"वर्गात? अहो, तिकडून फोन आला. बाकीचे दोघं पोचले, हिची दहापर्यंत वाट बघितली, मग त्यांनी तोंडी संपवली. परीक्षक निघूनही गेले."

"पण तोंडी तर उद्या..." मी म्हणालो.

मॅडमनी सूचना वही माझ्याकडे फिरवली. ती सूचना मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. चार ओळी होत्या. तोंडी परीक्षा शनिवारऐवजी शुक्रवारी सकाळी नऊला, संबंधित विद्यार्थ्यांनी पालकांसोबत परस्पर केंद्रावर जावे. खाली तीन सह्या होत्या. मधली माझी.

जिन्याखालच्या फळ्यावर ती सूचना नव्हती, कारण तिघांपुरतीच होती. आणि त्या तिघांची एकमेकांत गाठ पडायची सोय नव्हती, कारण नव्या वेळापत्रकात तिन्ही तुकड्यांच्या मधल्या सुट्ट्या वेगवेगळ्या झाल्या होत्या. हे सगळं माझ्या डोक्यातून एका झटक्यात गेलं. ‘बघा, तुमच्या वेळापत्रकाने काय केलं’ असंसुद्धा त्या क्षणी मनात येऊन गेलं. ते लपवत नाही.

"सर, वर्गात वाचून दाखवली होती ना?" मॅडमनी विचारलं. आवाजात आरोप नव्हता. त्यांना फक्त खात्री करून घ्यायची होती.

"हो," मी म्हणालो. "वाचली होती."

वाचली म्हणजे मी वाचली की मुलांना वाचून दाखवली, असा एक आडोसा मी त्या शब्दात शोधला होता. पण मी तर ती धड वाचलीही नव्हती. दाराशी मामा आपल्या चपलांकडे बघत उभे होते.

मुंगीला बोलावलं. ती आली, हात मागे बांधून उभी राहिली. मुख्याध्यापकांनी तोंडी झाल्याचं सांगितलं तेव्हा आधी तिला कळलंच नाही. मग कळलं. तिचे ओठ जरा उघडले आणि तसेच राहिले.

"सरांनी बुधवारी सूचना वाचून दाखवली होती. तू ऐकली नाहीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. फळ्यावर एखादं गणित अर्धं सोडलं की मुलं पुढची पायरी येईल म्हणून बघत राहतात, तशी ती बघत होती. मी टेबलावरच्या काचेखालच्या सुट्ट्यांच्या यादीकडे बघू लागलो.

"माझं लक्ष नसेल, सर," ती म्हणाली.

इथे तरी मी गप्प राहायला हवं होतं. पण मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलायला हवं असं वाटून मी म्हणालो, "हुशार आहे. पण कधी कधी तंद्रीत असते."

त्या खोलीत मी जे जे केलं त्यातलं हे वाक्य मला अजून गिळता येत नाही. बाकीचं भीतीने झालं असं म्हणता येईल. हे वाक्य कुणी मागितलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली नाही. यायचं कारणच उरलं नव्हतं.

शेवटच्या तासाला मी नववी ‘ब’वर गेलो. खेळून आलेली मुलं एरवी धिंगाणा घालायची, त्या दिवशी सगळी बसून होती. चाळीस मुलं, आणि चाळीसही जणांना माहीत होतं की मी बुधवारी काहीही वाचून दाखवलं नव्हतं. मुंगी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होती. मी एक सोपा प्रश्न विचारला. एकही हात वर आला नाही. दुसरा विचारला. तेवढ्यात मामा खाकरले. पुढच्या आठवड्यातल्या कसल्याशा आरोग्य तपासणीची सूचना होती. मी ती सावकाश, मोठ्याने, दोनदा वाचली. मुलांनी मुकाट्याने वह्या काढून लिहून घेतली. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

वही परत देताना मी मामांना म्हटलं, "मामा, त्या दिवशी..."

"मी दारातच होतो सर," ते म्हणाले आणि पुढच्या वर्गाकडे निघाले.

माझी बायको रुग्णालयात परिचारिका आहे. तिची पाळी दर आठवड्याला बदलते, आणि माझ्या वेळापत्रकाच्या तक्रारी ऐकताना ती नेहमी म्हणायची, "तुमचा तास बदलला की जगबुडी, आमची पाळी बदलली की नोकरी." शनिवारी दुपारी ती सकाळपाळी करून आली, खुर्चीत बसून सुजलेल्या पायांना तेल लावत होती. तेव्हा मी तिला सांगितलं. आधी निम्मंच सांगितलं. ती तेल लावायची थांबली.

"आमच्याकडे औषध दिल्याशिवाय तक्त्यावर सही करत नाहीत," ती म्हणाली. "का ते तुम्हाला सांगायला नको."

"माहितीये."

"मग पोरगी काय म्हणाली?"

"माझं लक्ष नसेल, म्हणाली."

"आणि तुम्ही?"

मग उरलेलं निम्मं सांगितलं. तंद्रीचं वाक्य सांगताना माझा आवाज इतका खाली गेला की तिने पुन्हा विचारलं. पुन्हा सांगावं लागलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे, होतं माणसाकडून. ती तसं काही म्हणाली नाही.

"सोमवारी काय करणार?"

"बघू."

"अहो, तुमचं बघू मला माहितीये. बघू म्हणजे काही नाही करणार."

आणि खरोखर, सोमवारी सकाळी शाळेत जाताना माझ्या मनात काही न करण्याचाच विचार होता. झालं ते झालं, आता बोलून ती तोंडी परत थोडीच होणार आहे, असं मी स्वतःला रस्ताभर पटवत होतो. बरंचसं पटलंही होतं.

प्रार्थनेनंतर मुख्याध्यापक चार शब्द बोलायला उभे राहिले. "शुक्रवारी आपल्या एका विद्यार्थिनीने केवळ वर्गात लक्ष नसल्यामुळे आयुष्यातली मोठी संधी घालवली," त्यांनी सुरुवात केली. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. मैदानावरच्या पाचशे माना हळूहळू नववी ‘ब’च्या रांगेकडे वळल्या. मुंगी सरळ समोर बघत उभी होती, दोन्ही हात शिवणीला लावून, सावधान म्हटल्यासारखी. तिच्या पुढची मुलगी मागे वळली नाही, मागची बाजूला सरकली नाही. ‘ब’ची अख्खी रांग तशीच ताठ. आणि मी रांगेच्या टोकाला, वर्गशिक्षक म्हणून.

पहिला तास मी घेतला नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. मॅडम तिथेच होत्या.

"सर, ती सूचना मी वाचून दाखवली नव्हती," मी म्हणालो. "न वाचता सही केली. आधीच्या पाच-सहाही तशाच केल्या."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग उठून त्यांनी दार लोटून घेतलं.

"हे बघा," ते म्हणाले, "विद्यार्थिनीचं दुर्लक्ष, असं आपण वर कळवून मोकळे झालो आहोत. आता तुम्ही हे काढलंत तर शाळेचं नाव जाईल, तुमचंही. तिची संधी तर परत येत नाही. झाकली मूठ राहू द्या."

मला ते ऐकून हायसं वाटलं. अगदी थोडा वेळ, पण वाटलं. मी मॅडमकडे पाहिलं. इतके महिने ज्यांच्याशी भांडलो त्या आता मला धारेवर धरतील असं वाटलं होतं. त्या फक्त थकलेल्या दिसत होत्या.

"मी सूचना काढते, आणि दुपारी वही सह्यांनी भरून परत येते," त्या म्हणाल्या. "त्या सह्या बघितल्या की मी घरी जाते, सर. प्रत्येक वर्गात जाऊन विचारत नाही." मग मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाल्या, "हे लिहून घ्यावं लागेल. मुलीच्या नावावर राहता कामा नये."

मॅडमनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. मी लिहिलं, सदर सूचना माझ्याकडून अनवधानाने वर्गात वाचून दाखवायची राहिली. मॅडमनी वाचलं आणि पेन्सिलने एका शब्दाखाली रेघ मारली.

"अनवधानाने राहिली का, सर?"

मी तो शब्द खोडला. ‘वाचून दाखवली नाही’ असं लिहिलं. पुढे लिहिलं, मुख्याध्यापकांसमोर मी खोटे सांगितले. विद्यार्थिनीची चूक नाही. सही केली. त्या दिवसापर्यंत सही करताना माझा हात कधी थांबला नव्हता.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मुंगीच्या घरी गेलो. पुढे दुकान, मागे खोली. दुकान म्हणजे भिंतीला टेकवलेलं एक लांब टेबल, त्यावर घोंगडी अंथरून वर पांढरी चादर, दोन्ही बाजूंना चुरगळलेल्या आणि घडी केलेल्या कपड्यांचे ढीग. गरम कपड्याचा वास. तिची आई शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडत होती. मला बघताच तिने इस्त्री उभी केली, एकुलत्या एका खुर्चीवरचे कपडे उचलले, पदराने खुर्ची पुसली.

"बसा ना सर. या." आणि मी बसायच्या आतच म्हणाली, "मला तोंड दाखवायला जागा नाही. तुम्ही एवढी मेहनत घेतलीत तिच्यावर, आणि या कार्टीला साधी सूचना ऐकता येऊ नये? मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिचे बाबा फोनवर काय काय बोलले ते तर विचारूच नका. माफ करा सर, तुमचं नाव खाली गेलं आमच्यामुळे."

मी उभाच होतो. तयार करून नेलेली सगळी वाक्यं तिने एका दमात निकामी केली होती.

"ताई, मी सूचना वाचूनच दाखवली नव्हती," मी म्हणालो. "तिची काही चूक नाही. मी न वाचता सही केली, आणि मग साहेबांसमोर खोटं बोललो."

तिला नीट ऐकू आलं नाही असं मला वाटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने उचललेले कपडे परत त्या खुर्चीवर ठेवले. मुद्दाम नाही. हात रिकामे करायला म्हणून.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"घाबरलो."

"कुणाला?"

मुख्याध्यापक काही मला खाणार नव्हते.

तिने आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली. मुंगी बाहेर आली. हातात वही होती, बोट पानात घातलेलं. मी तिला तेच पुन्हा सांगितलं, आणि क्षमा मागितली. एकवीस वर्षांत मी विद्यार्थ्याची क्षमा मागितल्याचं मला आठवत नाही. शब्द नीट जुळत नव्हते.

"मला माहीत होतं, सर," ती म्हणाली. "मी जागीच होते ना त्या दिवशी."

आई तिच्याकडे वळली. "माहीत होतं? मग घरी का नाही सांगितलंस?"

"सरांनी सांगितलंय म्हटल्यावर तू माझं ऐकलं असतंस?"

आईने इस्त्री घ्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. थोड्या वेळाने ती मुंगीच्या जवळ गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण मुंगी जरा अवघडून उभी राहिली आणि तो हात तिथे टिकला नाही. त्या दोघींच्या मधे मी काय आणून ठेवलं होतं ते मला तेव्हा दिसलं. माझ्यापुरतीच लाज घेऊन मी तिथे गेलो होतो. ती त्या घरात माझ्याआधीच पोचलेली होती.

"उद्या वर्गातही सांगणार आहे," मी मुंगीला म्हणालो. "चालेल ना?"

"सांगायचंच असेल तर सांगा. माझं नाव नका घेऊ."

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. नाव घेतलं नाही. बुधवारी काय केलं, शुक्रवारी काय म्हणालो, सगळं. तंद्रीचंही. मुंगी पुस्तकाचं पान एका बोटाने दाबून बसली होती. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला, एरवी माझ्या प्रत्येक विनोदाला सगळ्यात मोठ्याने हसणारा.

"सर, पण आम्ही हसलो होतो ना," तो म्हणाला, आणि रडू येईल असं वाटून पटकन खाली बसला.

"त्यात तुमची चूक नाही," मी म्हणालो. पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

माझं पत्र वर गेलं. मला लेखी ठपका मिळाला, तो माझ्या कागदपत्रांत आहे. मुख्याध्यापकांनी पुढच्या सोमवारी प्रार्थनेनंतर दोन वाक्यांत खुलासा केला. पहिल्या वेळी दहा वाक्यं बोलले होते. भूगोलाचे सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "एवढं लिहून द्यायची काय गरज होती? सगळेच करतात हो. आता आम्हालाही रोज बोंबलून वाचावं लागणार." त्यांनी माझी समजूत घालायलाच ते म्हटलं होतं. मी कपाटाच्या दारावरचे कागद त्याच दिवशी काढून टाकले. वेळापत्रक त्यानंतरही तीनदा बदललं, आणि दर वेळी मला राग आला. राग येणं काही थांबलं नाही. फक्त तो घेऊन मी मॅडमच्या खोलीत गेलो नाही.

निवासी विद्यालयाचं उत्तर यायला तीन आठवडे लागले. निवड प्रक्रिया पूर्ण झाली असून पुनर्विचार शक्य नाही, आणि पुढील वर्षी विद्यार्थिनी दहावीत असल्याने पात्र राहणार नाही. तो कागद मॅडमनी माझ्याकडे दिला. "तुम्हीच सांगा तिला," म्हणाल्या.

दोन तासांच्या मधे मी मुंगीला व्हरांड्यात बोलावलं. तिने कागद हातात घेऊन पूर्ण वाचला, खालच्या सहीपर्यंत. मग होता तसा घडी करून मला परत दिला.

"विज्ञानाचं काही लागलं, पुस्तकं, काहीही, तर मी..." मी सुरुवात केली.

"नको सर. बघते मी." मग जरा थांबून म्हणाली, "मला गणिताचा तास आहे."

"हो, हो. जा."

ती गेली. दहावीला तिला चांगले मार्क मिळाले. पुढे काय घेतलं ते मला तिच्याकडून नाही, दुसऱ्याच मुलीकडून कळलं. शाळेत होती तोवर समोर आली की नमस्कार करायची, विचारलं तर उत्तर द्यायची. उद्धटपणे कधी बोलली नाही. लागेल तेवढंच बोलली.